गुडघाभर पाण्याची परवानगी

ज्या माणसानं आमच्या कयाधू नदीला रस्ता म्हटलं, त्याच्या घरात आपण मुलगी दिली आहे, हे मला लग्न लागल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं. आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. मुलगा चांगला होता, नांदेडला एका वकिलाकडे मुनशी होता आणि पत्रिकाही जमत होती. पण पत्रिकेत नदीचं घर नसतं, त्यामुळे तो मुद्दा राहून गेला.

वैशाखाचं ऊन होतं. वऱ्हाड बैलगाड्यांतून नरशीला नामदेवाच्या दर्शनाला निघालं होतं. नदीच्या पात्रात गाड्या उतरल्या तेव्हा माझे व्याही किसनराव यांनी छत्रीखालून दोन्ही बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, ह्यो रस्ता कुठं जातो हो? लई रुंद केलाय."

"ही कयाधू नदी आहे," मी म्हणालो.

"नदी? मग पानी कुठं गेलं?"

"उन्हाळा आहे ना."

"उन्हाळा आमच्याकडं बी हाय. पर गोदावरी जागेवर हाय."

नांदेडच्या सगळ्या गाड्या हसल्या. हिंगोलीच्या गाड्यांतलेही दोघंतिघं हसले, त्यांची नावं माझ्या लक्षात आहेत. मी शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या संस्थानातल्या शाळांत त्याला जुगराफिया म्हणतात आणि तो उर्दूत शिकवावा लागतो, पण नद्या त्याच आहेत. भूगोलाच्या मास्तराला त्याच्या स्वतःच्या नदीवरून कुणी बोललं तर त्याचं डोकं जागेवर राहत नाही. मी उभ्या गाडीत उठून म्हणालो, "यंदा अधिक श्रावण आहे. धोंड्याच्या महिन्यात जावईबापूंना पाठवा. नरशीपासून हिंगोलीपर्यंत नावेतून आणतो त्यांना!"

बोलून खाली बसलो आणि मग आठवलं की आपल्या गावात नाव नाही. जवळपासच्या गावांतही नाही. मी स्वतः आयुष्यात कधी नावेत बसलेलो नव्हतो.

असल्या गोष्टी लोक विसरतात असा माझा अनुभव होता. पण आषाढात माझी मुलगी आशा माहेरपणाला आली ती तोंड पाडूनच. तिला सासरी 'कोरड्या नदीची' म्हणून हाक मारत होते. तिनं तांब्यात थोडं पाणी घेतलं तरी सासू म्हणे, 'जपून वापरती बिचारी, सवयच न्हाई.' आणि किसनराव रोज जेवताना विचारत, 'का गं, बापानं नाव बांधायला घेतली का?'

"बाबा," आशा म्हणाली, "धोंड्याच्या महिन्यात नाव न्हाई दिसली तर मी तिकडं तोंड कसं दाखवू? जन्मभर हेच ऐकावं लागंल मला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आठवड्यात अख्ख्या तालुक्यात तेवढंच पाणी होतं. मला अतिशय वाईट वाटलं, आणि मी ठरवलं की आता नाव हवीच.

आमचे शेजारी तातेराव हे या विषयातले जाणकार निघाले. ते एकदा नांदेडला गोदावरीच्या घाटावर सबंध दुपार बसून आले होते, त्यामुळे नौकानयनात आमच्या आळीत त्यांच्या तोडीचा कुणी नव्हता. ते ओसरीवर मांडी घालून म्हणाले, "नाव कशाला पायजे? गुळाची कढई घ्या. मोठा पूर आला की मामाच्या गावचे लोक कढईतच बसून पैलतीराला जात व्हते. चार मानसं आरामात बसतात. पाय पसरायचे न्हाईत, एवढंच."

नरशीच्या अलीकडे नदीकाठी सोनाजी नावाच्या शेतकऱ्याचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस आटवायची त्याची कढई दीड पुरुष रुंद होती. गुऱ्हाळ हिवाळ्यात चालतं, तेव्हा श्रावणात कढई रिकामीच पडून असणार. सोनाजी तयारही झाला, कारण आपल्या कढईत नांदेडचा जावई बसणार याचा त्याला मोठा अभिमान वाटला. मी खूश होऊन घरी आलो. बायकोला, म्हणजे मंजुळाबाईंना, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जावयाला कढईत बसवनार? लोक काय म्हनतील, तळायला नेलं का आटवायला?"

बायकांना दर्यावर्दी दृष्टी नसते, असं मी मनात म्हणालो.

पण काम कायदेशीर हवं. त्या दिवसांत चार माणसं एका ठिकाणी बसली तरी शिपाई चौकशीला येई, आणि मी तर चार माणसं एका कढईत बसवणार होतो. म्हणून दरख्वास्त लिहून कचेरीत गेलो. पेशकारसाहेबांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

"मास्टर साब, कढाई में बैठ के कायकू जाते? बैलगाडी नै क्या?"

मी आशाचं सासर, गोदावरी, माझी इज्जत असं सगळं समजावलं. त्यांना पटलं. त्यांनाही तीन मुली होत्या. पण कढई कोणत्या खात्यात येते हा प्रश्न उभा राहिला. कढईत दारू गाळता येते, म्हणून ती आबकारीची. आबकारीचे दरोगा म्हणाले की कढई जमिनीवर चुलीवर असेल तोवर आमची, पाण्यात गेली की तामिरातची, म्हणजे बांधकाम खात्याची. तामिरातच्या बाबूंनी पूल, रस्ते आणि मोऱ्या यांची नावं वाचून दाखवली, त्यांत कढई नव्हती. असा मी तीन कचेऱ्यांत फिरलो. शेवटी पेशकारसाहेबांनाच माझी दया आली. त्यांनी परवानगी लिहिली, मोहर उठवली आणि शेवटी एक ओळ वाढवली: पाणी गुडघ्याच्या वर असेल तर कश्ती चालवू नये.

"गुडघाभर पाण्यात ती तरंगणार कशी?" मी म्हणालो.

"वो आप देखो. मगर तुम डूबे तो मेरी नोकरी डूबेगी."

कागद हातात आला होता, त्यामुळे मी फार ताणलं नाही.

मग पाऊस झाला. नदीला पाणी आलं, आणि ते अगदी हवं तेवढंच आलं. मी रोज शाळा सुटल्यावर काठी घेऊन नदीवर जात होतो आणि गुडघा बुडवून परत येत होतो. पाहणारे काय समजायचे ते समजत होते. हरिचंदराव, म्हणजे आमचे जावईबापू, नांदेडहून रेल्वेनं आले. काटकुळे, गोरे, अत्यंत शांत गृहस्थ. कशालाही ते एकच उत्तर देत. धोंड्यांत पुरण भरपूर घातलंय म्हटलं, ते म्हणाले, "अस्सं का." कढईतून नरशी ते हिंगोली सफर ठरली आहे म्हटलं, ते जरा थांबून म्हणाले, "अस्सं का." त्या थांबण्यात मला सगळं नांदेड हसताना ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी निघायचं, एवढ्यात सोनाजीचा निरोप आला. कढई उपडी घालून ठेवलेली होती आणि तिच्याखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती. सोनाजीची आई पार्वतीबाई कढईला हात लावू देईना. मी स्वतः गेलो. म्हातारी कढईवरच बसून होती.

"पार्वतीबाई, जावई येऊन बसलेत हो घरी."

"बसू द्या की. माझी कोंबडी बी बसलीया. तुमचा जावई उठला तर काय बिघडत न्हाई. ही उठली तर अंडी वाया जात्यात."

मी सोनाजीकडे पाहिलं, तो गोठ्याकडे पाहत होता. जावयाचा मुक्काम वाढला. मंजुळाबाई रोज वेगळं गोड करत होत्या, हरिचंदराव रोज 'अस्सं का' म्हणून ते खात होते, आणि मी रोज नरशीकडून येणाऱ्या माणसाला पिल्लं निघाली का म्हणून विचारत होतो. इकडे तातेराव सल्ले देतच होते. मलमासात नवं वाहन पाण्यात घालू नये, हा त्यातला एक. मंजुळाबाईंनीच त्यांना गप्प केलं. त्या म्हणाल्या, "नवं कुठलं? सोनाजीच्या आज्याच्या येळची कढई हाय ती."

अखेर पिल्लं निघाली. आणि त्याच रात्री वाशीमच्या बाजूला असा पाऊस कोसळला की सकाळी आम्ही गाडीतून नरशीच्या काठावर उतरलो तेव्हा मी नदीच ओळखली नाही. तांबडं पाणी एका बाजूच्या बाभळींपासून दुसऱ्या बाजूच्या बाभळींपर्यंत पसरलं होतं. झाडं, पेंढ्या, कुणाचं तरी खोपट, सगळं हिंगोलीकडे निघालं होतं. किसनराव या वेळी इथं हवे होते, असं मला फार वाटलं. मग परवानगीची शेवटची ओळ आठवली.

त्या दिवशी मी शाळेची शेरवानी घातली होती. सफर काही साधी नव्हती. शेरवानीच्या आत, तातेरावांच्या सल्ल्यानं, कमरेला चार वाळके भोपळे बांधले होते. बुडायची वेळ आलीच तर माणूस वर राहतो म्हणे. भोपळे घरचेच होते. मंजुळाबाई त्यांत दोडक्याचं आणि गवारीचं बी ठेवत असत, आणि ते काढायला वेळ झाला नव्हता. त्यामुळे मी श्वास घेतला तरी आतून खुळखुळ आवाज येई. जावईबापू प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहत आणि मी प्रत्येक वेळी आकाशाकडे पाही.

काठावर गावचे पोलीस पाटील आमची वाट पाहत उभे होते. कचेरीतून त्यांना हुकूम गेला होता. त्यांनी परवानगी उलटीसुलटी पाहिली, धोतर वर केलं आणि एक पाऊल पाण्यात टाकलं.

"गुडघा गेला. मनाई!"

"पाटील," तातेराव पुढे सरसावले, "गुडघा कुनाचा, ते लिवलंय का? तुमचा गुडघा तर जमिनीलगतच हाय."

पाटील ठेंगणे होते, आणि ही गोष्ट गावात कुणी बोलत नसे. ते लाल झाले. पण कागदात गुडघ्याचा मालक लिहिलेला नव्हता, हेही खरं होतं. तेव्हा सगळ्यात उंच गुडघा शोधायचं ठरलं. तांड्यावरचा धर्मसिंग पूर पाहायला आला होता. तो उभा राहिला की त्याच्या पागोट्याला बाभळीच्या फांद्या लागत. त्याला मधोमध आणून उभं केलं, सगळ्यांनी त्याचा गुडघा पाहिला आणि पसंत केला.

"काहून पाहून राहिले हो सगळे?" तो घाबरून म्हणाला.

समजावल्यावर तो ऐटीत पाण्यात शिरला. पहिल्या पावलाला पिंढरी गेली. सगळ्यांनी 'वा' म्हटलं. दुसऱ्या पावलाला कंबर गेली आणि तो बाभळीची फांदी धरून परत आला.

"माझा बी गेला, मास्तर," तो खजील होऊन म्हणाला.

झालं. ज्या नदीला सबंध उन्हाळा पाणी नाही म्हणून माझं हसं झालं, तिला पाणी जास्त आहे म्हणून माझी सफर रद्द झाली. आशा खाली मान घालून उभी होती. हरिचंदरावांनी पुराकडे पाहिलं आणि दीर्घ श्वास सोडून म्हणाले, "अस्सं का." तो श्वास मला झोंबला. वाटलं, आता हे नांदेडला जाऊन सांगणार, आणि माझी पोर जन्मभर तांब्यातलं पाणी मोजत बसणार.

मी म्हणालो, "प्रवास नाही तर नाही. कढई काठाला पाण्यात ठेवू, दोराला बांधू, आणि जावईबापूंना वाण तरी नावेत बसवून देऊ. कायद्यात वाण बसतं."

पाटलांनी पुष्कळ विचार केला आणि होकार दिला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे आणि दिवा असं ताटातून वाण देतात, हे पाटलांनाही माहीत होतं. त्यांनाही जावई होता. सोनाजीनं आणि धर्मसिंगनं कढई ढकलत आणली. दोराचं एक टोक कढईच्या कड्याला बांधलं आणि दुसरं तातेराव, सोनाजी आणि पाटील अशा तीन भारदस्त माणसांनी धरलं. जावईबापू काही पुढे येईनात. तेव्हा यात कसलीही भीती नाही हे दाखवायला मी अनारशांचं ताट घेऊन आधी स्वतः बसलो. कढई जरा डुलली. भोपळे वाजले. मला फार थोर वाटलं.

"थांबा!" मंजुळाबाई ओरडल्या. "नदीची ओटी न्हाई भरली अजून. नदी भरून आलीया आन् तिची ओटी भरल्याबिगर जावयाला पान्यात घालता?"

हेही बरोबरच होतं. त्यांनी खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू काढलं, काठावर बसून नदीची पूजा केली आणि ओटी पाण्यात सोडली. गंगामाईचा जयजयकार झाला. काठावरच्या सगळ्यांनी भक्तिभावानं हात जोडले.

तातेरावांनी जोडले, सोनाजीनं जोडले, पाटलांनीही जोडले.

दोर साप सरपटावा तसा माझ्या मागोमाग पाण्यात आला.

मी हिंगोलीकडे निघालो होतो. माझ्या लक्षात यायच्या आधी नारळ आणि मी शेजारीशेजारी चाललो होतो. वल्हं म्हणून घेतलेलं गुळाचं फावडं काठावरच राहिलं होतं. कढईला पुढं-मागं नसतं, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ती गरगर फिरायला लागली. त्यामुळे मला मंजुळाबाई दिसत, मग पूर दिसे, मग पलीकडच्या बाभळी, की पुन्हा मंजुळाबाई, दर फेरीला जरा लहान.

"डाव्या अंगाला वजन टाका, मास्तर!" तातेराव धावत ओरडत होते. मी वजन टाकेपर्यंत डावं अंग उजवीकडे गेलेलं असे.

"परवाना माझ्यापाशी राहिला हो!" पाटील ओरडत होते.

पुढच्या वळणावर दुसऱ्या गावच्या बायका नदीची ओटी भरायला आल्या होत्या. त्यांनी पाहिलं की पुराच्या पाण्यातून शेरवानी घातलेला एक माणूस अनारशांचं ताट मांडीवर घेऊन फिरत फिरत येतो आहे. एक म्हातारी टाळ्या वाजवत म्हणाली, "अगं बाई, नदीचा जावई चाललाय गं धोंडे खायाला!" बायकांनी माझ्यावर हळदकुंकू टाकलं. एकीनं नारळ टाकला, तो माझ्या टोपीला लागला. मी ओरडलो, "मला काढा!" त्यांना ते ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी पुन्हा हात जोडले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. भीती वाटली की मला भूक लागते. समोर तूप लावलेले, खसखस वर दिसणारे अनारसे होते. ते जावयाचे होते, देवाला साक्ष ठेवून द्यायचे होते, हे मला पूर्णपणे माहीत होतं. पण आपण बुडणारच असू तर वाण नाहीतरी कुणाला मिळणार, असा विचार करून मी एक खाल्ला. उरलेले कोण खाणार, या विचारानं दुसरा खाल्ला. चौथ्याच्या वेळी कढई एकदम धडकली, खरखरली, आणि थांबली.

पूर काठ ओलांडून एका ज्वारीच्या शेतात शिरला होता आणि कढई वाहत्या पाण्यातून त्या शेतात आली होती. आजूबाजूला तांबडं पाणी, त्यातून ज्वारीचे शेंडे वर आलेले. खोली किती, काय ठाऊक. मी भोपळे घट्ट धरून बसलो. हललो तर कढई पुन्हा निघेल म्हणून शिंकलोही नाही.

बऱ्याच वेळानं बांधावर माणसं दिसली. पुढे हरिचंदराव धावत होते, धोतराचा सोगा हातात, पायांत जोडा नाही. त्यांच्यामागे आशा आणि धर्मसिंग. मंजुळाबाईंची गाडी चिखलातून मागून येत होती. हरिचंदराव पाण्याच्या कडेला येऊन थबकले. एक पाऊल आत टाकलं, मागे घेतलं, पुन्हा टाकलं, पुन्हा मागे घेतलं. मग एकदम रडवेल्या आवाजात ते म्हणाले,

"मामा, मला पोहता येत न्हाई हो! मला पान्याची लई भीती वाटती!"

इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

"नांदेडचे असून?" मी कढईतून विचारलं.

"नांदेडला नदी हाय म्हनून तर भीती हाय! लग्न झाल्यापासून मला झोप न्हाई, मामा. रातच्याला आधी नाव दिसायची, आता कढई दिसती. पर तुमी एवढी तकलीफ घेऊन राहिले, तुमचा मान, म्हनून म्या काय बोललो न्हाई. मघा पाटील मनाई म्हनले तवा जीवात जीव आला व्हता."

म्हणजे काठावरचा तो दीर्घ श्वास नांदेडच्या हेटाळणीचा नव्हता, सुटकेचा होता. मला एकदम भरून आलं. या भल्या माणसाला मी गेले कित्येक दिवस मनातल्या मनात शिव्या देत होतो, आणि तो बिचारा माझ्या मानापायी मरायला तयार होता. वर मी त्याचे अनारसे खाल्ले होते.

"तुम्ही येऊ नका!" मी ओरडलो. "इथं खोल आहे!"

तेवढ्यात धर्मसिंग पाण्यात शिरला आणि चालत चालत कढईपाशी आला. तो वाकला, आपल्या पायाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मास्तर! गुडघा! बराबर गुडघा हाय!"

मी खाली पाय सोडून पाहिला. कढईचं बूड चिखलाला जेमतेम टेकलेलं होतं. मी इतका वेळ ज्या डोहात प्राण मुठीत धरून बसलो होतो, त्यात म्हशीची कूस भिजली नसती. पण धर्मसिंगला वेगळंच सुचलं होतं. सगळ्यांनी पसंत केलेला गुडघा त्याचा होता, आणि इथं पाणी त्या गुडघ्याच्या वर नव्हतं. कागदाप्रमाणे सबंध कयाधूवर कश्ती चालवायला परवानगी असलेली एवढीच जागा होती.

आशानं ते आधी ओळखलं. तिनं लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरून सरळ कढईत येऊन बसली. मग नवऱ्याला म्हणाली, "या."

"अस्सं... का?" हरिचंदराव म्हणाले.

"गुडघाभर हाय. या की. म्या हाय ना."

ते आले. कसे आले ते मी सांगणार नाही, कारण पुढे त्यांनी माझ्यासाठी जे केलं त्याची मला जाण आहे. ते कढईत बसले, डोळे मिटले आणि त्यांनी माझ्या कमरेचा एक भोपळा दोन्ही हातांनी धरला. धर्मसिंगनं ढकलून कढई मोकळी केली, दोर खांद्यावर घेतला आणि कढई ओढायला लागला. ज्वारीचे शेंडे कढईला घासून सरसर वाजत होते, आत भोपळे खुळखुळत होते, आणि आशा हसत होती. लग्नानंतर ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. शेताला एक वेढा झाला. दुसऱ्या वेढ्याला हरिचंदरावांनी एक डोळा उघडला, मग दुसरा उघडला, आणि तिसरा वेढा घ्या म्हणून त्यांनीच सांगितलं.

मंजुळाबाईंची गाडी येऊन पोचली. त्यांनी आधी नवरा जिवंत आहे हे पाहिलं आणि लगेच ताट हातात घेतलं. अनारसे मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"चार कमी!" त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या मिशीला खसखस होती. मी नदीकडे पाहायला लागलो.

"म्या खाल्ले, मामी," हरिचंदराव म्हणाले. "राहवलं न्हाई."

मंजुळाबाई माझ्या मिशीकडे पाहत होत्या. पण जावयाला खोटं कोण म्हणणार? त्यांनी गाडीतून काडेपेटी काढून दिवा लावला, आणि भर पुराच्या काठाला, चिखलात उभं राहून आम्ही वाण दिलं. मी हरिचंदरावांच्या पाया पडलो. जावयाच्या पाया पडायचीच रीत आहे त्या महिन्यात, पण मी जरा जास्त वाकलो.

हरिचंदराव नांदेडला जाऊन काय बोलले ते मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही. पण विचार करा, गुडघाभर पाण्यात, ज्वारीत, डोळे मिटून, सासऱ्याच्या कमरेचा भोपळा धरून बसलो होतो, असं कोणता जावई घरी सांगेल? दिवाळीला आशा आली ती अंगानं भरून आणि हसत. आता तिकडे नदीचं नाव कुणी काढत नाही म्हणाली. सासू तांब्याऐवजी घागर पुढे करते म्हणाली. "त्यांनी काय सांगितलं गं?" मी विचारलं, तर ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

पुढच्या वैशाखात किसनराव पुन्हा नरशीच्या दर्शनाला आले. तसंच ऊन, तशाच गाड्या. पात्रात वाळू तापून पांढरी पडली होती आणि मधोमध एक गाढव झोपलं होतं. उतारापाशी येताच किसनरावांनी गाडी थांबवली. ते खाली उतरले, त्यांनी जोडे काढून काखेत घेतले, धोतर वर खोचलं आणि वरच्या बाजूला, वाशीमकडे, बराच वेळ पाहत राहिले.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "मागनं पानी तर न्हाई ना येत?"

मी भूगोलाचा मास्तर आहे. वैशाखात कयाधूला पूर येत नाही हे मी तिसरीच्या मुलांनाही शिकवतो.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

आशा गाडीतून उतरली. तिनं सासऱ्याचा हात धरला आणि त्या कोरड्याठाक वाळूतून पुढे चालायला लागली.

"घाबरू नका, मामंजी," ती म्हणाली. "माझ्या मागनं या. मला ठाव हाय ही नदी."